'पहिला सर्बियन छायाचित्रकार' : तीन शब्द आणि तीन प्रश्न

माझ्या सिनॉप्सिसच्या सुरुवातीच्या मसुद्यात 'पहिला' हा शब्द अकरा वेळा आला होता. मला ते माहीतच नव्हतं. गाइड मॅडमनी कागद परत दिले तेव्हा अकराही ठिकाणी लाल पेनाने गोल केलेला होता आणि शेवटच्या गोलाशेजारी समासात एकच शब्द होता : "म्हणजे?"

सल्लागार समितीची बैठक महिन्यावर आली होती. मी मॅडमना म्हटलं, पहिला म्हणजे पहिला, त्यात काय विचारायचं? त्या म्हणाल्या, "ज्याच्यावर एवढ्यात वाचते आहेस ना, त्याच्यावरच हा शब्द तपासून बघ. टिकला तर ठेव."

त्या दिवसांत मी अनास्तास योवानोविच या माणसावर वाचत होते. माझा विषय एकोणिसाव्या शतकातलं छायाचित्र आणि छपाई यांच्या संबंधाचा आहे. त्यात तुलनेसाठी युरोपच्या एका कोपऱ्यातला हा माणूस आला होता. फोटोग्राफीच्या इतिहासात त्याची ओळख बहुतेक ठिकाणी एकाच ओळीत उरकतात : पहिला सर्बियन छायाचित्रकार. मी ती ओळ जशीच्या तशी सिनॉप्सिसमध्ये घेतली होती. मॅडमच्या सांगण्यावरून ती तपासायला बसले आणि तिच्यातला एकेक शब्द हलायला लागला. ते कसं झालं हे आज सांगते. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांना या प्रकरणातून घेण्यासारखं बरंच आहे.

आधी माणूस

अनास्तासचा जन्म १८१७ सालचा, व्रात्सा या गावचा. आज हे गाव बल्गेरियात आहे. तेव्हा बल्गेरिया नावाचा देश नकाशावर नव्हता, तो सगळा भाग ऑटोमन साम्राज्यात मोडत होता. लहानपणीच तो बेलग्रेडला आला. सर्बिया त्या काळी आपल्या संस्थानांच्या धर्तीवर समजून घ्यायला हरकत नाही. राज्यकर्ता स्वतःचा, कारभार बराचसा स्वतःचा, पण वर सुलतानाची सत्ता. खुद्द बेलग्रेडच्या किल्ल्यात १८६७ पर्यंत तुर्की शिबंदी होती.

या छोट्या राज्याने स्वतःचा छापखाना काढला होता. अनास्तास तिथे कामाला लागला. हाताला चित्रकलेचं वळण आहे हे लोकांच्या लक्षात आलं आणि १८३८ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर त्याला व्हिएन्नाला पाठवलं गेलं. एकविसाव्या वर्षी घर सोडून गेलेला हा मुलगा पुढची सुमारे वीस वर्षं तिथेच राहिला. तो कला अकादमीत शिकला आणि त्याने शिळाछापाचं तंत्र आत्मसात केलं.

मधल्या काळात सर्बियात राजकारणाचे दोन घराण्यांत हेलकावे चालू होते. ज्या ओब्रेनोविच घराण्याच्या राजवटीत त्याला शिष्यवृत्ती मिळाली, त्या घराण्याचा प्रिन्स मिहाइलो १८४२ मध्ये पदच्युत झाला आणि काराजॉर्जेविच घराण्याचा माणूस गादीवर आला. १८५८ च्या अखेरीस बाजू पुन्हा उलटली, ओब्रेनोविच परतले. त्यांच्या पाठोपाठ अनास्तासही बेलग्रेडला आला आणि मिहाइलोच्या राजवाड्याचा व्यवस्थापक झाला. १८६८ च्या जून महिन्यात बेलग्रेडजवळच्या राखीव रानात मिहाइलोचा खून झाला. अनास्तासची दरबारी नोकरी तिथेच संपली. त्यानंतर तो आणखी तीस वर्षं जगला. १८९९ मध्ये बेलग्रेडला वारला.

इथेच एक सूचना करून ठेवते. मिहाइलोच्या खुनाची तारीख काही पुस्तकांत २९ मे सापडेल, काही पुस्तकांत १० जून. दोन्ही बरोबर आहेत. सर्बियात तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालायची आणि एकोणिसाव्या शतकात ती आपल्या नेहमीच्या दिनदर्शिकेपेक्षा बारा दिवस मागे होती. पूर्व युरोपातली कुठलीही तारीख टिपणवहीत उतरवताना ती जुनी की नवी हे शेजारी लिहायचंच. मी पहिल्या महिन्यात लिहिलं नव्हतं आणि नंतर सगळी टिपणं परत काढावी लागली.

'पहिला'

फोटोग्राफीची घोषणा पॅरिसमध्ये १८३९ च्या जानेवारीत झाली आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टला दागेरची पूर्ण कृती जगापुढे मांडली गेली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणारं हे चित्र म्हणजे दागेरोटाइप. एका वेळी एकच निघायचं, त्याची दुसरी प्रत नाही.

सर्बियाच्या इतिहासात या तंत्राची नोंद १८४० ची आहे. दिमित्रिये नोवाकोविच नावाच्या, झाग्रेबच्या एका व्यापाऱ्याने बेलग्रेडमध्ये दागेरोटाइप काढल्याची बातमी तिथल्या वृत्तपत्रात आली होती. मग 'पहिला' कोण? प्रवासात एखादं चित्र काढणारा व्यापारी, की आयुष्यभर छायाचित्रं काढणारा अनास्तास? सर्बियाच्या भूमीवरचं पहिलं चित्र मोजायचं, की सर्बियन माणसाने कुठेही काढलेलं पहिलं चित्र, की ज्याचं काम आज हातात घेऊन बघता येतं असा पहिला माणूस? प्रत्येक व्याख्येला उत्तर बदलतं. म्हणजे 'पहिला' या शब्दात माहितीपेक्षा व्याख्या जास्त आहे, आणि ती व्याख्या आपण न सांगता वापरतो.

याहून उपयोगाचा प्रश्न मला नंतर सुचला : अनास्तासला हे इतक्या लवकर का जमलं? त्याचं उत्तर मात्र कागदोपत्री मिळतं, कारण ते व्हिएन्ना शहराच्या इतिहासात आहे.

दागेरच्या पद्धतीची सुरुवातीची मोठी अडचण म्हणजे वेळ. साध्या भिंगाने पुरेसा प्रकाश आत येत नसे, त्यामुळे उन्हातसुद्धा काही मिनिटं थांबावं लागायचं. इमारत थांबते, माणूस थांबत नाही. पापणी लवते, मान हलते, चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग येतो. व्हिएन्नाचे प्राध्यापक एटिंग्सहाउझेन १८३९ मध्ये पॅरिसला होते. ते परतल्यावर त्यांनी ही अडचण त्याच विद्यापीठातल्या योझेफ पेट्झवाल या गणितज्ञापुढे ठेवली. पेट्झवालने १८४० मध्ये आकडेमोड करून चार काचांचं एक भिंग तयार केलं. आजच्या भाषेत त्याचं छिद्रमान सुमारे एफ/३.६ होतं, म्हणजे आधीच्या भिंगांच्या कित्येक पट प्रकाश आत घेणारं. फोइग्टलेंडर या व्हिएन्नाच्या कारखानदाराने ते भिंग बसवून १८४१ मध्ये पितळी कॅमेरा बाजारात आणला. दिसायला तो कॅमेऱ्यापेक्षा दुर्बिणीसारखा, आणि त्यातून येणारं चित्र गोल. पण थांबण्याचा वेळ मिनिटांवरून सेकंदांच्या हिशेबात आला आणि माणसाचा चेहरा पकडता यायला लागला.

अनास्तास तेव्हा त्याच शहरात चेहरे रेखाटायला शिकत होता. या नव्या कॅमेऱ्याच्या सुरुवातीच्या ग्राहकांत तो आहे. भिंग तयार झालं त्या गावात, योग्य त्या वर्षी, योग्य ती गरज घेऊन तो हजर होता. 'पहिला' म्हटलं की हे सगळं झाकलं जातं आणि जणू एकट्या माणसाच्या अंगातली हुशारी तेवढी उरते.

'सर्बियन'

दुसरा शब्द मला अगदी निरुपद्रवी वाटला होता.

पण जन्मगाव आज बल्गेरियात. त्यामुळे बल्गेरियातही त्याला आपल्या सुरुवातीच्या छायाचित्रकारांत मोजलं जातं. शिक्षण आणि उमेदीची वीस वर्षं ऑस्ट्रियाच्या राजधानीत. मुलगा कॉन्स्टान्टिन व्हिएन्नात जन्मला आणि वास्तुविशारद झाला. बेलग्रेडची राष्ट्रीय बँक त्याने बांधली आणि सोफियातलं बल्गेरियाचं संसद भवनही त्यानेच. म्हणजे वडील ज्या मुलखातून लहानपणी निघाले, त्या मुलखाचा देश झाल्यावर त्याची संसद मुलाने उभी केली. मुलगी कातारिना भाषांतरकार झाली, तिने सर्बियन साहित्य जर्मनमध्ये नेलं आणि १९५४ मध्ये झुरिकला वारली.

आता यांना एका देशाच्या कप्प्यात बसवायचं तर कसं?

मी काही दिवस या कोड्यात अडकले आणि मग लक्षात आलं की प्रश्न उलटा विचारायला हवा. अनास्तास जन्माने काय होता, हे आपण ठरवून काही हाती लागत नाही. तो काय होऊ पाहत होता, हे त्याच्या कामात दिसतं. १८५० ते १८५२ या काळात व्हिएन्नाहून त्याने शिळाछाप चित्रांची एक मालिका काढली. नाव होतं 'स्पोमेनित्सी सेर्ब्स्की', म्हणजे 'सर्बियन स्मारकं'. जुने राजे, वीर, इतिहासातले प्रसंग. सर्बियन बोलणारे लोक तेव्हा दोन साम्राज्यांत विखुरलेले होते, निम्मे सुलतानाच्या छत्राखाली, निम्मे हाप्सबुर्ग सम्राटाच्या. एकत्र असा देश नव्हता. अशा लोकांपुढे त्यांचे पूर्वज कागदावर मांडून ठेवायचे, हे काम त्याने निवडलं.

व्हिएन्नातच त्या वेळी वुक काराजिच राहत होता. ज्याने सर्बियन लोकगीतं गोळा केली, शब्दकोश केला आणि बोलीप्रमाणे लिहिण्याचा आग्रह धरून लेखनपद्धतीच बदलली, तो हा. अनास्तासने वुकचीही छायाचित्रं काढली. एक जण शब्द गोळा करत होता, दुसरा चेहरे, आणि दोघांचंही गिऱ्हाईक एकच होतं : अजून न झालेला देश. 'सर्बियन' हे विशेषण अनास्तासला जन्माने चिकटलेलं नाही. ते घडवण्याच्या कामात तो स्वतः एक कारागीर होता. माझ्या मते या विशेषणाचा खरा अर्थ इथे आहे.

एक मजेशीर तपशील. मालिकेच्या नावात 'सेर्ब्स्की' आहे. वुकच्या नव्या लेखनपद्धतीप्रमाणे तो शब्द 'स्र्प्स्की' असा व्हायला हवा. म्हणजे १८५० मध्ये जुनं वळण अजून मुखपृष्ठावर होतं. याचा व्यावहारिक परिणाम असा की ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत आजचं वर्णलेखन टाकलंत तर हे पुस्तक हुलकावणी देऊ शकतं. आडनावाचीही तीच गत. रोमन लिपीत सुरुवातीला 'जे' दिसतं म्हणून मी दोन आठवडे 'जोवानोविच' म्हणत होते. सर्बियनमध्ये त्या अक्षराचा उच्चार 'य' आहे. मुलीच्या जर्मन भाषांतरावर तेच आडनाव जर्मन वळणाने लिहिलेलं आहे. म्हणून कुठल्याही परभाषिक नावासाठी वहीच्या शेवटच्या पानावर सगळी वर्णलेखनं एका रांगेत लिहून ठेवा. सिरिलिक अक्षरं शिकायला चार संध्याकाळी पुरतात. भाषा येणार नाही, पण चित्राखालचं नाव तरी वाचता येईल, आणि ते वाचता येण्याने खूप फरक पडतो.

'छायाचित्रकार'

सगळ्यात जास्त हललेला शब्द हा.

१९६२ मध्ये पाव्ले वासिच या कला इतिहासकारांनी अनास्तासच्या जीवनावर आणि कामावर ग्रंथ लिहिला. त्याच्या शीर्षकात त्यांनी अनास्तासला 'पहिला सर्बियन लिथोग्राफर' म्हटलं आहे. छायाचित्रकार नव्हे, शिळाछाप करणारा. आज मात्र त्याचं नाव निघतं ते छायाचित्रकार म्हणून. माणूस तोच, काम तेच, बिरुद बदललं. असं का झालं असावं?

हे कळण्यासाठी शिळाछाप समजून घ्यायला हवा. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या ज्या पद्धतीने छापल्या गेल्या तीच ही पद्धत. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचं. मग शिळेवर रसायन लावून ती पाण्याने ओली करायची. तेलकट रेघ पाणी धरत नाही, कोरा दगड धरतो. वरून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघेवर बसते. त्यावर कागद दाबला की छापील चित्र तयार, आणि एका शिळेवरून शेकडो प्रती. तेल आणि पाण्याचं एकमेकांशी पटत नाही, एवढ्या साध्या गोष्टीवर सगळं उभं आहे.

आता दुसरीकडे छायाचित्र. अनास्तासचं आज उपलब्ध असलेलं सुरुवातीचं काम मुख्यतः टॅल्बोटाइप पद्धतीचं आहे. इंग्लंडच्या टॅल्बटने १८४१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. यात पत्र्याऐवजी कागद वापरतात. चांदीच्या क्षारांनी संवेदनशील केलेल्या कागदावर आधी उलट्या छायेचं चित्र घ्यायचं, म्हणजे निगेटिव्ह, आणि त्यावरून दुसऱ्या कागदावर उन्हात हव्या तितक्या प्रती काढायच्या. कागदाचे तंतू आड येत असल्याने चित्र दागेरोटाइपइतकं लख्ख येत नाही, कडा थोड्या मऊ राहतात. पण प्रती निघतात, हा मोठा फायदा.

तरी एक भिंत होतीच. ही प्रत छापखान्यातल्या शाईची नव्हती. एकेक करून उन्हात धरायची, धुवायची, वाळवायची, आणि काही वर्षांनी ती फिकी पडायची. फोटो थेट शाईने छापण्याची सोय रुळायला १८८० चं दशक उजाडावं लागलं. तोपर्यंत एखाद्या पुढाऱ्याचा चेहरा गावोगावी पोहोचवायचा तर मधे चित्रकाराचा हात आणि दगड लागणारच.

अनास्तासने छायाचित्रणाचा उपयोग बराचसा यासाठी केला. समोरच्या माणसाला तासन् तास बसवून रेखाटण्याऐवजी त्याचा फोटो घ्यायचा आणि त्या आधाराने शिळेवर चित्र काढायचं. लोकांच्या हाती जायचं ते शिळाछाप. फोटो म्हणजे कारागिराच्या खोलीतला कच्चा माल, आपल्या टिपणवहीसारखा. अर्थात त्याचे सगळे फोटो याच कामाचे होते असं नाही. त्याने स्वतःची छायाचित्रं काढली, बेलग्रेडची काढली, पुढे दोन डोळ्यांनी बघायची त्रिमितीचा भास देणारी स्टीरिओ चित्रंही काढली. पण त्याचं नाव ज्या कामाने झालं ते दगडावरचं होतं.

मग विसाव्या शतकात आपली नजर बदलली. ऐतिहासिक वीरांची शिळाछाप चित्रं आपल्याला जुनाट वाटायला लागली आणि फिकट तपकिरी फोटो अस्सल. फोटोग्राफीचा इतिहास हा स्वतंत्र विषय झाला आणि त्याला प्रत्येक देशाचा एक मूळपुरुष हवा होता. टिपणवही वर आली, ग्रंथ मागे पडला. 'छायाचित्रकार' हे बिरुद खोटं नाही, पण ते त्याच्या काळाबद्दल जेवढं सांगतं त्याहून जास्त आपल्या काळाबद्दल सांगतं.

न्येगोशचा चेहरा

हे सगळं शब्दांचं खेळणं वाटू नये म्हणून एका चित्रापाशी थांबू.

१८५१ मध्ये माँटेनेग्रोचा राज्यकर्ता दुसरा पेतार पेत्रोविच न्येगोश व्हिएन्नाला आला होता. डोंगराळ मुलखाचा हा अधिपती एकाच वेळी राजा, बिशप आणि कवी. चार वर्षांपूर्वी, १८४७ मध्ये, त्याचं 'गोर्स्की वियेनात्स' हे काव्य याच शहरात छापलं गेलं होतं आणि आजही सर्बियन भाषेतल्या थोर काव्यांत त्याची गणना होते. पण १८५१ मध्ये तो क्षयाने पोखरलेला होता. हवापालटासाठी इटलीला जाऊन आला, गुण आला नव्हता. अनास्तासने त्या वर्षी त्याचं छायाचित्र घेतलं. ३१ ऑक्टोबरला न्येगोश गेला. अडतीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

न्येगोशचा फोटो म्हणून जगभर जो दाखवला जातो, तो हा.

आता वर पाहिलेली भिंत आठवा. न्येगोशचं काव्य वाचणाऱ्या त्याच्या समकालीनांपैकी फार थोड्यांनी हा कागद पाहिला असणार, कारण तो पुस्तकात छापताच येत नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढचा न्येगोश चित्रकारांनी रंगवलेला किंवा दगडावर रेखलेला होता. म्हणजे 'न्येगोश त्याच्या काळाला कसा दिसला' असं लिहून खाली हा फोटो लावला, तर ते वाक्य आणि तो पुरावा जुळत नाहीत. फोटो सांगतो तो भिंगासमोर कसा होता. लोकांना तो कसा दिसला, हे शिळाछाप सांगतो. दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांचे पुरावेही वेगळे आहेत. माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी नेमकी हीच चूक केली होती, दुसऱ्या एका चित्राच्या बाबतीत. ती तशीच समितीपुढे गेली असती तर तिथल्या कुठल्याही जाणकाराने पाच मिनिटांत माझं प्रकरण मोडून दाखवलं असतं.

आणखी एक गोष्ट बघा. अनास्तासच्या शिळाछापांत चौदाव्या शतकातला सम्राट दुशान आहे, कोसोवोच्या लढाईत पडलेला लाझार आहे, आणि त्याच्या डोळ्यांसमोर बसलेले समकालीन लोकही आहेत. दुशान आणि लाझार यांचे चेहरे त्याला भिंगातून मिळणं शक्यच नव्हतं. तिथे जुनी चित्रं आणि कल्पना, इथे फोटो. पण दगडावर दोघांनाही एकच खडू, एकच शाई, एकाच तऱ्हेची छाया. घरी चित्र लावणाऱ्याला कुठला चेहरा पाहिलेला आणि कुठला योजलेला हे कळायला काही साधन नाही. भिंगाची विश्वासार्हता कल्पनेतल्या पूर्वजांनाही मिळून गेली. माझ्या अभ्यासाचा खरा प्रश्न मला या ठिकाणी सापडला, आणि तो 'पहिला कोण' हा नव्हता. छायाचित्र थेट छापता येत नव्हतं तेव्हा त्याचा खरेपणा दुसऱ्या माध्यमात कसा नेला जात होता, आणि वाटेत त्यात काय मिसळत होतं, हा आहे.

तुम्ही काय करू शकता

जुनं व्यक्तिचित्र हाती आलं की मी आता चार गोष्टी क्रमाने बघते.

एक, हे चित्र कशासाठी काढलं : विकायला, भेट द्यायला, की दुसऱ्या कामाची तयारी म्हणून? दोन, त्या काळात ते कोणी पाहिलं, आणि तुम्ही पाहता आहात ती प्रत तीच आहे का? तीन, त्यात डावं-उजवं कुठलं? दागेरोटाइपमध्ये चित्र आरशासारखं उलटं येतं. शिळेवर काढलेलंही छापताना उलटतं, म्हणून चित्रकाराला मुद्दाम उलटं काढावं लागतं. कोटाची बटणं, केसांचा भांग, तलवारीची बाजू यांवरून एक चित्र दुसऱ्यावरून उतरवलं आहे का याचा माग लागतो. चार, दोन्ही आवृत्त्या मिळाल्या तर शेजारी ठेवून काय गळलं आणि काय वाढलं याची यादी करायची. चेहऱ्याआधी कपड्यांच्या चुण्या बघा. चेहरा चित्रकार सुधारतो, चुण्या बहुधा तशाच उतरवतो.

अनास्तासच्या कामाचा मोठा साठा आज बेलग्रेड शहर संग्रहालयात आहे. त्यातली बरीच चित्रं आपल्याला पडद्यावर बघायला मिळतात. पण पडद्यावर सगळंच एका मापाचं दिसतं, हे लक्षात असू द्या. हातभर शिळाछाप आणि तळहाताएवढा फोटो तिथे सारखेच भासतात. वर्णनात माप दिलेलं असेल तर तेवढा कागद कापून समोर ठेवा. पोरकट वाटेल, पण फार उपयोग होतो.

कातारिनाबद्दल एक सांगायचं राहिलं. तिने जर्मनमध्ये नेलेल्या साहित्यात 'गोर्स्की वियेनात्स'ही आहे. १९३९ मध्ये ते भाषांतर आलं. बापाने ज्याचा चेहरा कागदावर घेतला त्याचे शब्द मुलीने अठ्ठ्याऐंशी वर्षांनी दुसऱ्या भाषेत नेले. वडिलांची ओळख 'पहिला सर्बियन छायाचित्रकार' एवढीच करून दिली, तर हा धागा हाताला लागतच नाही.

समितीची बैठक झाली. विषय मंजूर झाला, दोन दुरुस्त्यांसह. नव्या मसुद्यात 'पहिला' हा शब्द शोधला तर एकदाच सापडतो, 'प्रकरण पहिले' या शीर्षकात त्याचाच भाऊ म्हणून. त्याभोवती मॅडमनी गोल केला नाही.